पुसलेले आकडे

नमिता घरत वाशीच्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकवायची. कंत्राटी नोकरी, दरवर्षी नवं पत्र. माहेर उरणजवळच्या मोऱ्याचं, राहायला करंजाडे. पीएचडीचं सातवं वर्ष चालू होतं; आता शेवटचं प्रकरण उरलं होतं, कॉलेजच्या संग्रहातल्या जीवाश्मांवरचं.

कॉलेजच्या संग्रहालयात कच्छहून साठेक वर्षांपूर्वी आणलेले सत्तेचाळीस जीवाश्म होते, ब्रायोझोआचे. हे समुद्रात वसाहत करून राहणारे बारीक जीव. एकेकाची खसखशीएवढी खोली, आणि अशा शेकडो खोल्यांची जाळी दगडावर पसरलेली. खोलीचं तोंड गोल की लांबट, भिंतीला भोकं किती, यावरून जात ठरते. पुस्तकातला फोटो बघून आई म्हणाली होती, "ही त दर्यातल्या होरीच्या बुडाला चिकटते ती खपली हाय ना! हिच्यासाठी सात वर्सा?"

पहिला दगड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर नुसती चकाकी. भोकं दिसेचनात. दुसरा तसाच, दहावा तसाच. तिने संग्रहालयाचे शिपाई शहाजीकाका यांना बोलावलं. साताऱ्याकडचे, तीस वर्षं इथेच.

"काका, याला काय लावलंय?"

"वॉर्निश, मॅडम. तपासणी समिती यायची हुती. धूळ खात पडल्याली, म्हटलं जरा चमकू द्यात. आठ वर्सं झाली, अजून बगा कशी चमक हाय."

"दगड चमकवायला ठेवलेत का इथे? सगळी भोकं बुजवलीत तुम्ही! कुणाला विचारायचं तरी!"

काका निघून गेले. नंतर पंधरा दिवस ते तिच्या टेबलाकडे फिरकले नाहीत.

तिने ॲसिटोन आणलं. दगड वाटीत बुडवायचा, मऊ ब्रशने घासायचा, वाळवायचा. दिवसाला एक. डोकं दुखायचं. पण सातव्या दगडावर तिचा हात थांबला. खोल्यांच्या तोंडाशी दोन-दोन शिंगं होती. असं तिने कुठल्याच पुस्तकात पाहिलं नव्हतं. ही नवी जात असणार! त्या दिवशी ती घरी जाताना एकटीच हसत होती.

बाराव्या दगडाच्या वाटीत पांढऱ्या रंगाचे पापुद्रे तरंगताना दिसले. तिने दगड झटकन बाहेर काढून उलटा केला. खाली, पिवळ्या वॉर्निशच्या थराआड, पांढऱ्या रंगाचा ठिपका आणि त्यावर शाईने आकडा होता. अर्धा उरलेला, तरी वाचता येत होता. कागदी चिठ्ठ्या कसरीने कधीच खाल्ल्या होत्या. दगड कुठल्या गावचा हे नोंदवहीशी जोडणारा तो आकडा एवढाच दुवा होता. आणि अकरा दगडांचे आकडे तिने स्वतःच्या हाताने पुसले होते. सातवा त्यातलाच.

नोंदवहीत आता अकरा आकडे दगडांवाचून उरणार होते. गावं तीन, खडकांची वयं वेगवेगळी. कुठला दगड कुठला?

तिने काकांना गाठलं. "आठवतंय का काही? हा शिंगवाला वॉर्निशच्या आधी कुठल्या खणात होता?"

काकांनी दगड बराच वेळ हातात फिरवला. "वाळवायला समदे एकाच खोक्यात टाकले हुते, मॅडम. न्हाई सांगता यायचं."

ती खुर्चीत बसली. आता ओरडायचं तरी कुणावर?

प्रकरण आता उरलेल्या छत्तीस दगडांवरच लिहावं लागणार होतं. शिंगवाल्याबद्दल शेवटी दोन ओळी: ठिकाण अनिश्चित, म्हणून नाव दिलेलं नाही. मग तिने नोंदवहीत तारीख घालून लिहिलं, 'ॲसिटोनने आकडे पुसले गेले. नमिता घरत.'

शेजारी उभे असलेले काका म्हणाले, "माजं वॉर्निश बी लिवा."

तिने लिहिलं. काकांनी खाली सही केली.

आठवड्याने विभागप्रमुखांनी बोलावलं. वही समोर उघडी होती. "हे कशाला लिहिलंत? पुढच्या महिन्यात समिती येतेय. हे पान बदला."

"नाही बदलणार, सर."

"मॅडम, जूनमध्ये तुमचं पत्र माझ्याच सहीने निघतं."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि वही उचलून घेऊन गेली. अजून पस्तीस दगड साफ व्हायचे होते. त्यांचे आकडे तिने आधी कागदावर उतरवून घ्यायला सुरुवात केली.