पार नसलेला वड

त्या सकाळी केअररने बेल वाजवली ती माझ्या दाराची. एरवी ती देखभालीला येई तेव्हा शेजारची बेल वाजवी, आणि दोन्ही घरांची भिंत सामाईक असल्यामुळे तो आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू येई. त्या दिवशी तो जवळून आला, आणि दार उघडण्यापूर्वीच मला काय ते कळले. "आय अ‍ॅम सो सॉरी, लव्ह," ती म्हणाली, "शी वेंट इन हर स्लीप." मी तिला आत घेतले, चहा केला, साखर विचारायची मात्र विसरले. ती बिचारी तो तसाच प्यायली. सुमीताई गेल्या, त्याला आता काही आठवडे झाले. मला लिहिण्याची सवय नाही. साठी उलटल्यावर माणसाने नवे काही आरंभू नये असे मला वाटत आले आहे, आणि हे लिहिण्याचा अधिकार मला आहे की नाही याचीही खात्री नाही. तरीही लिहिते आहे. त्याचे कारण शेवटी येईल.

सुमीताई म्हणजे सुमियाती. जावा बेटावरच्या, म्हणजे इंडोनेशियातल्या, कालिजेरुक नावाच्या एका लहान खेड्यात त्या जन्मल्या. साखर कारखान्याची यंत्रे बसवायला तिकडे गेलेल्या फ्रँक नावाच्या इंग्रज इंजिनियरशी लग्न करून त्या कॉव्हेंट्रीला आल्या, आणि आम्ही शेजारचे घर घेतले तेव्हा त्यांना येथे बरीच वर्षे झाली होती. वयाने मोठ्या, म्हणून मी त्यांना सुमीताई म्हणू लागले. त्या मला 'जेंग' म्हणत. त्यांच्याकडे धाकट्या बहिणीच्या जागी असलेल्या बाईला अशी हाक मारतात. आमचे बोलणे इंग्रजीतून चाले, त्यांचे मोडके, माझे पुस्तकी; पण आठवताना मला ते सगळे मराठीतच ऐकू येते. मी पहिल्यांदा त्यांना भाताचा डबा दिला, तेव्हा दुसऱ्या दिवशी कुंपणावरून त्या म्हणाल्या, "जेंग, तुझा भात चांगला आहे गं, पण इंग्लिश माणसांसारखा. लांब, ताठ, आणि शेजाऱ्याला न शिवणारा." मी ओशाळले. मग त्यांनी स्वतःचा चिकट भात आणून दिला आणि तो हाताने खाताना माझ्याकडे अशा काही पाहत राहिल्या की मला हसूच फुटले. बुजऱ्या माणसाची मैत्री कोणीतरी दुसऱ्यानेच करावी लागते. ती त्यांनी केली.

कालिजेरुक मी पाहिलेले नाही, पण पाठ आहे. नदीच्या वळणावर वसलेले, मागे चुनखडीचा डोंगर आणि सागाचे जंगल. सागाच्या खांबांवर उभी घरे, बांबू विणून केलेल्या भिंती, चोपून घट्ट केलेल्या मातीची, पायाखाली गार लागणारी जमीन. सात दिवसांच्या आठवड्याबरोबर तेथे पाच दिवसांचा आणखी एक आठवडा चालतो, आणि त्या पाचांतल्या 'पोन' नावाच्या दिवशी गावचा बाजार भरे. सुपरमार्केटच्या रांगेत उभ्या असताना सुमीताई एकदम म्हणत, "आज पोन. आज आई टेंपे घेऊन बसली असती." टेंपे म्हणजे सोयाबीन आंबवून पानात बांधलेली वडी. कुणाला घर दुसरीकडे न्यायचे असेल तर गावातले पुरुष जमत, अख्खे घर खांबांसकट खांद्यावर उचलत आणि हसत-ओरडत चालू लागत. बायका मागून भाताच्या टोपल्या घेऊन जात. गावाच्या तोंडाशी पहाऱ्याची झोपडी होती. तिच्यात पोकळ लाकडाचा ओंडका टांगलेला असे. चोरी, आग, मृत्यू, प्रत्येकाचा ठोका वेगळा. आणि गावात एक जुना वड होता.

शिवाय एक रीत होती. प्रत्येक घराच्या दाराशी एक लहानसा डबा टांगलेला असायचा. रोज संध्याकाळी घरची बाई त्यात चिमूटभर तांदूळ टाकी. पहारेकरी गस्तीला निघाले की दारोदारची ती चिमूट गोळा करीत. त्या तांदळातून अडल्यानडल्याची चूल पेटे, कुणाच्या मयताचा स्वयंपाक होई. चिमूट कुणालाच जड नव्हती, आणि डबा रिकामा दिसला तर पहारेकरी दार वाजवून विचारत, घरात सगळे बरे आहेत ना? मला ही चौकशी फार आवडे. आमच्या गल्लीत एका म्हाताऱ्याच्या दाराबाहेर दुधाच्या बाटल्या साचून गेल्या, तरी आम्ही कोणी, अगदी मीसुद्धा, त्याचे दार वाजवले नव्हते.

कालिजेरुक आता नाही. ते धरणाच्या पाण्याखाली गेले. आपल्या वाचकांना बुडालेल्या गावांविषयी मी वेगळे काय सांगावे? गाव उठले तेव्हा फ्रँक अंथरुणाला खिळलेले होते, आणि सुमीताईंना जाता आले नाही. त्यांच्या भावाने फोनवर सगळे सांगितले. लोकांनी घरे उचलून डोंगरावर नेली, कबरींतली माती नेली, वड मात्र राहिला. "सगळं गाव घरं उचलत होतं," त्या मला एकदा म्हणाल्या, "आणि जेंग, मी इथे पडदे धूत होते. आमच्या घराखाली एक खांदा कमी पडला." कमी पडलेल्या त्या खांद्याचा सल त्यांना जन्मभर होता. त्याच हिवाळ्यात कंडेन्स्ड मिल्कचा एक रिकामा डबा तारेने बांधून त्यांनी आपल्या दाराच्या चौकटीला टांगला आणि रोज संध्याकाळी त्यात तांदूळ टाकायला सुरुवात केली. आमच्या ह्यांनी तो पाहून मला हाक मारली, "नलू, शेजारी चिमण्यांचं रेशन दुकान उघडलंय बघ!" आवाज कुंपणापलीकडे गेलाच. "तुझ्या मिस्टरांना सांग," सुमीताई तिकडून म्हणाल्या, "चिमण्या निदान शेजाऱ्याकडे येतात तरी." चिमण्यांनी शिल्लक ठेवलेले तांदूळ त्या रोज सकाळी बरणीत ओतत आणि बरणी भरली की भात करून आमच्याकडे पाठवत. गोळा करायला कुणी येणार नाही तिथे हा डबा कशासाठी, हे मी कधी विचारले नाही. दुसऱ्याच्या दारावरच्या गोष्टीविषयी विचारू नये, हा माझा संकोच. मी त्याला सभ्यपणा समजत आले.

दोन हजार साल उलटून गेल्यावर त्यांचे विसरणे सुरू झाले. प्रथम किल्ल्या, मग गॅस, मग फ्रँक गेले आहेत हे. माझ्या मुलाने एकदा संगणकावर उपग्रहाने घेतलेले चित्र शोधून काढले आणि मोठ्या उत्साहाने त्यांना दाखवले. डोंगरांमध्ये हिरवट पाण्याचा एक डाग. त्यांनी पुष्कळ वेळ पाहिले आणि सौजन्याने म्हणाल्या, "पाणी छान आहे. कुठलं?" मुलगा माझ्याकडे बघू लागला…

मग मी त्यांना त्यांचे गाव सांगू लागले. हिवाळ्यात येथे चार वाजताच अंधारते. केअरर दुपारची येऊन गेली की मी जाई, गॅसची शेगडी लावी आणि त्यांनीच मला दिलेले कालिजेरुक त्यांना परत देत बसे. आरंभी त्या चुका काढत. मी टेंपे केळीच्या पानात बांधला की त्या ताठ बसत. "सागाच्या, जेंग! केळीचं पान बाजारातल्यांचं. आई सागाचंच घ्यायची." मला फार आनंद होई. पुढे पुढे त्या चुका काढीनाशा झाल्या. नुसत्या ऐकत. मीही मग अडखळले की कुठूनतरी काहीतरी घेऊन पुढे जाई.

एका संध्याकाळी त्या अतिशय अस्वस्थ होत्या. सारख्या उठत, दार उघडत, थंडगार वाऱ्यात उभ्या राहून रस्त्याकडे पाहत. "बापाक आले नाहीत," म्हणत. बापाक म्हणजे वडील. मी त्यांना आत आणून बसवी, त्या पुन्हा उठत. शेवटी मी म्हणाले, "सुमीताई, ते वडाच्या पारावर बसलेत. येतील."

वड त्यांचा होता. पार माझा. सातारच्या बाजूला माझ्या वडिलांच्या गावी वडाला दगडी पार आहे, आणि संध्याकाळी पुरुषमाणसे चपला खाली काढून त्यावर बसत. वड म्हटला की त्याला पार असणारच. मी काही जोडते आहे हे मला कळलेसुद्धा नाही.

"कुणाबरोबर?" त्यांनी विचारले.

"मित्रांबरोबर. गप्पा चालल्यात."

"दमले नाहीत ना?"

"नाही. दगड अजून उन्हाने गरम आहे. पाठ शेकत बसलेत."

त्यांचा चेहरा सैल झाला. थोड्या वेळाने त्यांना खुर्चीतच झोप लागली. मला, खरे सांगायचे तर, आयुष्यात प्रथमच गोष्ट सांगता आल्यासारखे वाटले. त्यानंतर रोज त्या पाराविषयी विचारत, आणि मी रोज त्यात भर घाली. तंबाखू आणली, एक थट्टेखोर मित्र आणला, शेंगा सोलणारा एक म्हातारा आणला. सुमीताई दाराकडे जाईनाशा झाल्या. "व्हॉटेव्हर यू आर टेलिंग हर, कीप अ‍ॅट इट," केअरर म्हणाली. त्याच सुमाराला केव्हातरी दारावरचा डबा रिकामा राहू लागला. ते माझ्या लक्षात आले होते. आजार वाढला, असे मी मनाशी म्हटले. रिकामा डबा दिसल्यावर काय विचारायचे असते, हे मला त्यांनीच सांगितलेले होते…

दफनाला त्यांची भाची वुलान आली. भावाची मुलगी, नेदरलँड्समध्ये नर्स आहे. सातव्या दिवशी तिने त्यांच्या रीतीप्रमाणे स्वयंपाक केला, गल्लीतल्या लोकांना बोलावले आणि प्रत्येकाच्या हातात घरी न्यायला भाताचा डबा दिला. नंतर माझ्या स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता तिने विचारले, "तांते, शेवटी शेवटी आत्या कशाविषयी बोलायची? घरी सगळे विचारताहेत." तांते म्हणजे मावशी. मी थोड्या अभिमानानेच सांगितले, की त्यांचे वडील वडाखाली बसलेले त्यांना दिसत असत.

वुलान हसली. "वडाखाली? आजोबा? तांते, आमच्याकडे वडाखाली कोणी बसत नाही. फुलं ठेवायची आणि पटकन निघायचं. आजोबा तर एक नंबरचे भित्रे! बाबा सांगतात, तिन्हीसांजेला ते वडाला लांबून वळसा घालायचे, आणि आजी म्हणायची, 'पहारेकरी बघा आमचे!'"

"पहारेकरी?" मी म्हणाले.

"हो, तांदूळ गोळा करायला तेच जायचे ना. स्वतःच्या घरचा डबा मुद्दाम शेवटी घ्यायचे. आत्या लहान होती, झोपायचीच नाही. दार उघडं ठेवून बसायची आणि ते आले की डब्यातले तांदूळ स्वतः त्यांच्या पिशवीत ओतायची. म्हणून तर हा डबा." तिने पुसलेली थाळी खाली ठेवली. "शेवटपर्यंत ठेवत होती का गं तांदूळ?"

"हो," मी म्हणाले. "शेवटपर्यंत."

ती रडली, आणि हलकी झाली. माझ्यासमोरच तिने वडिलांना फोन लावला. त्यांच्या भाषेतला मला ओळखता आलेला एकच शब्द त्यात दोनतीनदा ऐकू आला. बेरास. तांदूळ.

मी स्वतःची समजूत घालून पाहिली आहे. त्या शांत झाल्या होत्या. बुडालेल्या गावात एक दगडी पार वाढला म्हणून कुणाचे काय गेले? पण इतकी वर्षे त्या ज्या वडिलांसाठी रोज चिमूट काढून ठेवत होत्या, शेवटी शेवटी दार उघडून ज्यांची वाट पाहत होत्या, त्यांना मी दुसरीकडेच बसवून ठेवले. तेही अशा झाडाखाली, ज्याला ते आयुष्यभर लांबून वळसा घालत गेले. मग डब्यात तांदूळ कुणासाठी टाकायचे? सुमीताईंचे चुकले नाही. त्या माझे ऐकत होत्या. आणि आता कालिजेरुकमधले किती त्यांचे आणि किती माझे, हेही मला नीट सांगता येत नाही. वर मी जमिनीविषयी लिहिले आहे, 'पायाखाली गार'. सागाचे पान त्यांचे, हे नक्की. तो गारवा त्यांचा की माझ्या वडिलांच्या घरचा, ते आठवत नाही. वुलानला हे सांगायला हवे, आणि सांगितले तर फोनवरचा तो शब्द परत घ्यावा लागेल. म्हणून मी हे मराठीत लिहिले आहे. तिला ही भाषा वाचता येत नाही.

जाताना वुलान तो डबा मला देऊन गेली. मी तो आमच्या दाराच्या चौकटीला टांगला आहे. आमचे हे आता रेशन दुकानाची थट्टा करीत नाहीत. संध्याकाळी मी त्यात चिमूटभर तांदूळ टाकते आणि थोडा वेळ दार उघडेच ठेवते.

"अगं, थंडी आत येतेय," हे आतून म्हणतात.

"येऊ दे," मी म्हणते. पारावर बसवलेल्या माणसाला तेथून उठून इथवर यायला वेळ लागणारच…