साक्षीदार बाटली

नलिनी मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या क्रांती चौकाजवळच्या आपल्या लहानशा प्रयोगशाळेत पनीरच्या तुकड्याला दटावत होत्या, "बोल की रे, काय लपवलंयस पोटात?" कन्नड तालुक्यातल्या खेड्यातून नोकरी मागायला आलेली मी दारातच फिस्सकन हसले. त्यांनी वळून पाहिलं आणि म्हणाल्या, "हसून झालं असेल तर हात धुऊन ये." तीच माझी मुलाखत.

अन्नातले घातक जिवाणू शोधायला तेव्हा पाच-पाच दिवस लागत. शहर झपाट्यानं पसरत होतं, नवी हॉटेलं, वसतिगृहं उभी राहत होती. एवढे दिवस पनीर कोण थांबवून ठेवणार? मॅडमनी झटपट चाचणी इथं आणली. नमुना शुद्ध पाण्यात केलेल्या पोषक द्रवात रात्रभर ठेवायचा, म्हणजे असतील ते जिवाणू वाढतात, आणि सकाळी पट्टी बुडवायची; दोन रेघा उमटल्या की माल बाद. पण त्यांचा एक नेम होता. नमुन्यांसोबत एका बाटलीत त्या मुद्दाम जिवंत जिवाणू घालत. तिचं नाव ‘साक्षीदार’. तिच्या पट्टीवर दोन रेघा आल्याच पाहिजेत, नाही आल्या तर सगळी चाचणीच खोटी. "आधी साक्षीदार बघायचा, मग तोंड उघडायचं," हे त्या दिवसातून दहा वेळा बजावत.

मग दुष्काळ पडला. शुद्ध पाणी करणाऱ्या आमच्या यंत्रातून, ते गार ठेवायला लागणारं बादल्याच्या बादल्या पाणी मोरीत वाहून जाई. आमच्या गावात बाया टँकरमागं धावत होत्या. माझा जीव तुटायचा. एके दिवशी मी गुपचूप यंत्र बंद केलं आणि नमुने टँकरच्या पाण्यात कालवले. ब्लीचिंग पावडर टाकलेलं पाणी, म्हणजे स्वच्छच की! त्या पावडरीनं नमुन्यातले आणि साक्षीदारातले जिवाणूही मरतील, हे या शहाणीच्या डोक्यातच आलं नाही. सकाळी सगळ्या पट्ट्यांवर एकेकच रेघ. साक्षीदार न बघताच मी शहागंजच्या डेअरीवाल्यांना फोन केला, "पास!"

अर्ध्या तासानं मॅडमनी साक्षीदाराची पट्टी उचलली; तिच्यावरही एकच रेघ. त्यांचा चेहरा उतरला. मी रडत सगळं सांगितलं. त्यांनी स्कूटर काढली, मला मागं बसवलं.

पनीर वसतिगृहाच्या टेम्पोत चढत होतं. डेअरीवाले भडकले, "क्या मॅडम, अब्बी तो पास बोले थे!"

"भाईजान, मैंने गलत बोला. मेरी चूक है. माल उतारो."

मी तोंड उघडणार, तोच त्यांनी माझं मनगट घट्ट दाबलं.

माल उतरला. पुन्हा चाचणी केली, आणि पनीरच्या पट्टीवर दोन रेघा लख्ख उमटल्या. पोरं वाचली. पण गावभर झालं, मॅडम आता थकल्या, काहीही रिपोर्ट देतात. कितीतरी गिऱ्हाइकं तुटली. मी खरं सांगते म्हटलं, तर त्या कडाडल्या, "खबरदार! तुझं आत्ता कुठं सुरू होतंय. आणि पाणी वाया जाताना जीव तुटतो ना तुझा? तो तुटू दे तसाच." दुसऱ्या दिवसापासून यंत्राखाली बादल्या लागल्या; त्या पाण्यानं फरशी पुसायची, कुंड्या जगवायच्या.

आज मी लांब, परमुलखात मोठ्या प्रयोगशाळेत आहे. यंत्रं तासाभरात बोलतात. तरी रोज सकाळी वाटतं, मागून कुणीतरी खेकसावं, "साक्षीदार बघितलास का गं?" कुणी खेकसत नाही. फार आठवण येते, मॅडम. त्या ओल्या फरशीची, तुमच्या स्कूटरची, तुमच्या रागाची.

म्हणून तुमच्या पंच्याहत्तरीला निघालेला हा गौरवग्रंथ वाचणाऱ्या सगळ्यांसमोर तुमचा हुकूम मोडते: त्या दिवशी चुकले ते मी, मॅडम नव्हे. वीस वर्षं त्यांनी माझा बोल स्वतःवर घेतला.

तुम्हाला उदंड, ठणठणीत आयुष्य लाभो. हे वाचून तुम्ही चिडाल, फोन कराल, रागवाल. रागवाच, मॅडम. तेवढ्यासाठी कान आसुसलेत.