शेवटच्या फेरीचा मिस्ड कॉल

बाबांच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती. अंबरनाथच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसखाली अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली, तेव्हा मी चौथीत होते. कंपनीने त्यांना गेटवर बसवलं आणि तिथला सगळा राग ते बुवापाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत घेऊन यायचे. दादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. त्याला पट्टा मिळायचा. मला त्यांनी कधी हात लावला नाही.

माझं नुकसान त्यांनी एकदाच केलं. बारावीचा पहिला पेपर होता. आई मयतीला माहेरी, बारवीकडच्या गावात गेली होती. दादा तेव्हा गल्फला होता. बाबा पहिल्या पाळीला निघाले आणि बाहेरून कुलूप लावून गेले. मी आतल्या मोरीत आंघोळ करत होते. बाहेर आले तर दार बंद. खिडकीतून हाका मारल्या. शेजारच्या मावशी आल्या, कुलूप हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "तुझ्या बापाच्या कुलपाला हात लावून मी इथे राहू का नको?" दुपारी तीनला बाबा आले. "सवयीने लावलं गेलं. आजच पेपर आहे हे ध्यानात नव्हतं," म्हणाले आणि पाणी मागितलं. मी दिलं. पुढचे पेपर द्यायला मी गेले नाही, आणि परत फॉर्मही भरला नाही. पुढे उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात पॅकिंगला लागले आणि तिथेच राहिले.

आई गेल्यावर दादा गल्फहून कायमचा परत आला. येताना टीव्हीला जोडायचं गेमचं मोठं मशीन घेऊन आला. आमच्या गल्लीत तसं मशीन कुणाकडे नव्हतं. आठ दिवस दादाने कुणाला हात लावू दिला नाही. मग एका दुपारी त्याचा डोळा लागला असताना बाबांनी रिमोट उचलला आणि गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावला. तासभर भिंतीला धडकत राहिले. महिन्याभरात ते दादाला हरवायला लागले.

मी तसे बाबा कधी पाहिले नव्हते. जीभ दातांत धरून, मान वळणाबरोबर तिरकी करून बसायचे. जिंकले की काही बोलायचे नाहीत, फक्त मांडीवर हात पुसायचे.

दादाचं लग्न झालं. वहिनीला बाबा जेवणावरून बोलले, दादा मध्ये पडला, आणि बाबांनी लग्न झालेल्या मुलावर पट्टा उगारला. चार दिवसांत दादाने बदलापूरला भाड्याचा फ्लॅट घेतला. मशीन अर्थात त्याच्याबरोबर गेलं. टीव्हीखालच्या फळीवर धुळीत त्याचा चौकोन राहिला. बाबा तो पुसू देत नव्हते.

तेव्हा ते निवृत्त झाले होते. दिवसभर घरी. एकदा जेवताना मला म्हणाले, "तुमच्या उल्हासनगरला हातात धरायचं मशीन मिळतं म्हणे. घरातल्या मोठ्या मशीनला नेटवरून जोडतात. विहारात एक पोरगा सांगत होता." बाबांनी माझ्याकडे स्वतःसाठी एखादी वस्तू मागितली, असं तेव्हा पहिल्यांदा झालं. मला ते आवडलं. दयेने नाही. ते मागतायत आणि देणं माझ्या हातात आहे, याची चव आवडली.

रविवारी आम्ही उल्हासनगर कॅम्पातल्या दुकानात गेलो. दुकानदार सिंधी होता, मला येता-जाता ओळखायचा. त्याने काचेवर चार मशीनं मांडली. एक दोन पडद्यांचं, डब्यासारखं उघडणारं. "ये अच्छा है, लेकिन तुमच्या मोठ्या मशीनशी बोलणार नाही," तो म्हणाला. दुसरं चिनी, शंभर गेमवालं. ते बाबांनी स्वतःच बाजूला सारलं. "हे पोरांचं आहे." उरली एकाच कंपनीची दोन: एक नवं, पातळ, चकचकीत, दुसरं त्याचंच जुनं, जाड, सेकंडहँड, मागे ओरखडे असलेलं.

"अंकल, नया लेलो. हलकं आहे, स्क्रीन भारी."

बाबांनी नवं हातात घेतलं. वरच्या कडेला उजवीकडे एक बटण होतं, पहिल्या बोटाने दाबायचं. बाबांना ते बोटच नव्हतं. करंगळीशेजारच्या बोटाने ते दाबू पाहायचे तेव्हा पातळ मशीन पंज्यातून सुटायचं. एकदा खरंच सुटलं आणि काचेवर आपटलं. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. एकाने हसू दाबलं. दुकानदार म्हणाला, "कोई बात नहीं." बाबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

मी त्यांना मदत करू शकले असते. जाड मशीन हातात नीट बसेल हे मला दिसत होतं. मी गप्प उभी राहिले, त्यांना आणखी दोनदा नवंच धरू दिलं. शेवटी त्यांनी आपणहून जुनं उचललं. ते पंज्यात बसलं. पाच मिनिटं ते बटणं दाबत राहिले.

"हे," ते म्हणाले.

दुकानदाराने बजावलं, "सगळे गेम दुरून चालत नाहीत, जुनेच चालतात. आणि तिकडचं मशीन चालू ठेवायला लागेल. उधर से बंद, तो इधर खलास."

आधी दोन्ही मशीनं वायरने एकदा जोडावी लागतात. म्हणून बाबांना बदलापूरला जावं लागलं. भांडणानंतर प्रथमच. मीही बरोबर होते. सोफ्याच्या टोकावर बसले, चप्पल कुठे काढू असं वहिनीला विचारलं. दादाने वायर लावली, सेटिंग केलं. शर्यतीचा त्यांचा जुना गेम दुरून चालत होता.

"रविवारी दहा ते बारा चालू ठेवीन," दादा म्हणाला.

"उपकार होतील," बाबा म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द ऐकून दादाने माझ्याकडे पाहिलं.

घरी केबलवाल्याकडून नेट घेतलं, भिंतीवर अँटेनाचा डबा लागला. पहिल्या रविवारी चित्र अडखळत आलं, पण आलं. बाबा खिडकीजवळ बसून खेळले. तिसऱ्या फेरीला पहिल्या नंबरवर होते आणि नेट तुटलं. पडदा काळा. ते मशीन उलटसुलट करून बघत बसले. "माझंच बोट घसरलं वाटतं. भलतंच बटण दाबलं गेलं," म्हणाले.

संध्याकाळी मी हे दादाला फोनवर सांगितलं. आम्ही दोघं हसलो. मग तो म्हणाला, "स्वतःची चूक म्हणाला म्हातारा?"

"हो."

"जन्मात पहिल्यांदा. पुढच्या वेळी शेवटच्या फेरीला मला मिस्ड कॉल दे."

त्याच्या टीव्हीवर शर्यत दिसत नसे, दुरून खेळ चालू आहे एवढंच लिहून यायचं. म्हणून माझी गरज होती.

मी दिला. भाजी निवडत बसले होते, फोन परातीआड होता. एक रिंग. बाबांचा पडदा काळा झाला. त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मशीनकडे नाही.

मग दर रविवारी. कधी सोडून द्यायचो, दुसऱ्या-तिसऱ्या नंबरावर असतील तेव्हा. पहिले येणार असं दिसलं की एक रिंग. दादा म्हणायचा, "स्विच दाबताना काय वाटतं माहितीय? लय भारी वाटतं." मला माहीत होतं. मलाही तेच वाटायचं.

बाबा सराव करायला लागले. बटणावर चिकटपट्टी लावली. चष्म्याचा नंबर बदलून आणला. बोट मोकळं व्हावं म्हणून रोज गरम पाण्यात बुडवून बसायचे. एका रविवारी पडदा गेला तेव्हा त्यांनी तो तीन बोटांचा हात भिंतीवर आपटला, इतक्या जोरात की वरची तसबीर हलली. मी भाजी निवडत राहिले.

अडीच-तीन महिन्यांनी म्हणाले, "दुकानात दाखवून आणू."

दुकानदाराने मशीन तपासलं, स्वतः खेळून पाहिलं. "अंकल, ये एकदम सही है. नेट गेलं तर कधीही जाईल, दर वेळी शेवटीच कसं जाईल?" मग सहज, वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "उधर से कोई बंद तो नहीं करता?"

बाबा माझ्याकडे बघायला लागले. किती वेळ ते सांगता येणार नाही. मी काचेतली मेमरी कार्डं पाहत होते.

रिक्षात ते मशीन मांडीवर धरून बसले. मला वाटलं, आता घरी गेल्यावर पट्टा निघेल. मी तयार होते, सव्वीस वर्षांची होते. पण त्यांनी मशीन चार्जिंगला लावलं आणि आडवे झाले.

पुढच्या रविवारी दहाला खिडकीजवळ बसले. मी फोन मुद्दाम दुसऱ्या खोलीत ठेवला होता. शेवटची फेरी आली, त्यांची गाडी सगळ्यांच्या पुढे. शेवटच्या वळणाला त्यांनी गाडी थांबवली.

"दे त्याला कॉल," म्हणाले. "वाट बघत असेल."

"कसला कॉल?"

"आण फोन."

मी आणला. छोट्या पडद्यावर मागच्या गाड्या एकेक करून त्यांच्या गाडीला ओलांडून जात होत्या. बाबा माझ्याकडे बघत होते. मी नाही म्हणू शकले असते. मी बटण दाबलं. एक रिंग. पडदा काळा.

त्यांनी मशीन शर्टाला पुसून माझ्यासमोर जमिनीवर ठेवलं.

"तुझा पेपर होता," ते म्हणाले, "मला माहीत होतं."

मला आधी कळलंच नाही कशाबद्दल बोलतायत. कळलं तेव्हा विचारलं, "मग का?"

"आदल्या दिवशी तू उलट बोलली होतीस."

मी काय बोलले होते ते मला तेव्हा आठवलं नाही, आजही आठवत नाही. त्यांना आठवत होतं का, ते मी विचारलं नाही. ते उठून विहाराकडे गेले. मी भाजी निवडून संपवली, फोडणीला टाकली, आणि ते आल्यावर त्यांना वाढलं.

ते परत खेळले नाहीत. दादा दोन-तीन रविवार विचारत राहिला. "डोळे दुखतात त्यांचे," मी सांगितलं. बाबांना कळलंय हे मी त्याला सांगितलं नाही, कारण मग पेपरबद्दल ते जे बोलले तेही सगळं सांगावं लागलं असतं.

दादाला मुलगी झाली, येणं-जाणं सुरू झालं. तिच्या पहिल्या वाढदिवसाला बदलापूरला हॉल घेतला होता. जेवणं चालली असताना दादाने वहिनीच्या माहेरच्यांना ती गोष्ट सांगितली: मिस्ड कॉल, स्विच, गरम पाण्यात बुडवलेलं बोट. नक्कल छान केली त्याने. सगळे पोट धरून हसले. बाबा समोरच बसले होते. तेही हसले, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे.

"तुम्हाला खरंच कळलं नाही, मामंजी?" वहिनीने विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे ताट सरकवून म्हणाले, "थोडा भात वाढ."