रेल्वेनं दिलेला विसावा

त्या संध्याकाळी आम्ही दोघं नवरा-बायको ओट्यावर भरताची वांगी सोलत बसलो होतो. तुरीच्या काठ्यांवर भाजलेली, हाताला चटके देणारी. माझ्या वांग्याला साल राहिलं की ती ते ओढून घ्यायची.

"ऱ्हाऊ द्या ओ रेल्वे. तुम्हले फाटक लावता येस, वांगं सोलता येत नही."

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी चाळीसगाव-धुळे लाइनीवर फाटकवाला होतो, म्हणून लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं मला रेल्वेच केलं. विहिरीवर बायका चिडवायच्या, "तुन्ही रेल्वे आज घर शे का वं?" ही म्हणायची, "रात पाळी व्हती. आते घोरी ऱ्हायनी."

मी चौथी शिकलेला. रेल्वे म्हणजे लोखंडाची वाट, एवढंच मला माहीत. तिच्या तोंडी त्या शब्दात काय काय मावायचं. क्वार्टरमधल्या हापशाचं पाणी रेल्वेचं. पोराला शिकवलं ते रेल्वेनं. पेन्शन आली की म्हणायची, "रेल्वे उनी." रुळांपलीकडची शेतं, नाला, मसणवटी, सगळं रेल्वेपल्याड. मी फक्त फाटक लावलं आणि उघडलं. घर चालवलं रेल्वेनं आणि तिनं. दोघींचे उपकार या जन्मी फिटत नाहीत.

भरीत-भाकर खाऊन ती झोपली. सकाळी हाक मारली तर उठली नाही. अंगाला हात लावला, गार.

देवपूरहून पोरगा आला. बायांनी हिरवं लुगडं नेसवलं. तिरडी उचलल्यावर सगळं भराभर चालतं, लोकांना घाई असते. माझे पायच उचलत नव्हते. एवढ्या लवकर कशाला नेता, असं वाटत होतं, पण बोलणार कोणाला?

फाटकापाशी आलो तर फाटक बंद. धुळ्याची गाडी यायची होती.

भाऊबंदातला एक म्हणाला, "आबा, फाटकवाला तुम्हनं आयकी. दोन मिन्टं उघडाले सांगा."

"नही सांगाव. कुलूप लागनं म्हणजे लागनं. ठेवा खाले."

"आठे कसं ठेवतस? इसावा नाल्यापान शे."

विसाव्याला तिरडी एकदाच खाली ठेवायची, तीही नाल्याजवळ, हे मलाही ठाऊक होतं. "रेल्वे इसावा दी ऱ्हायनी ना," मी म्हणालो. "घ्या."

ठेवली. मी तिच्याशेजारी मातीत बसलो. पदर वाऱ्यानं सरकला होता, तो नीट केला. कपाळावरचं कुंकू नाकावर सांडलं होतं, ते बोटानं पुसलं. पोरगाही माझ्याजवळ येऊन बसला. एवढा वेळ मला घरात मिळाला नव्हता.

गाडी मोजक्या डब्यांची, पटकन गेली. फाटकवाल्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, तेव्हा त्यानं फाटक उघडलं. मी उठलो आणि पुढचा खांदा घेतला.