दोन सह्यांचा दगड

"करीमभाऊ, हे वचन कोराचं नाई," सॅम्युएलभाऊंनी प्रूफवर बोट ठेवलं.

राजुऱ्यात मी कबरीचे दगड कोरतो. प्रूफ म्हणजे अक्षरांचा कागदावरचा नमुना. दगडावर खोडरबर चालत नाही, म्हणून आधी सही. मागे एका घरात भांडण होऊन कोरलेला दगड परत आला होता. तेव्हापासून मी सासर-माहेर दोन्हीकडच्या सह्या घ्यायचो. मोठा शहाणा ना मी!

हा दगड मार्थाबाईंचा. माहेर प्रोटेस्टंट, लग्नानंतर त्या कॅथलिक झाल्या. जाण्याआधी वचन त्यांनी स्वतः निवडलं होतं. कॅथलिक बायबलात काही पुस्तकं जास्त आहेत, त्यातल्या एकातलं. नवरा अँथनीभाऊ कोळसा खाणीतून रिटायर, खोकून खोकून अर्धे झालेले. सॅम्युएलभाऊ बाईंचे सख्खे भाऊ.

"आमच्या बायबलात हे पुस्तकच नाई. जे देवाचं वचन नाई, ते माह्या बहिनीच्या उशाशी काऊन?"

"देवाचं वचन कोन्तं, हे ठरवलं कोनं?" अँथनीभाऊ म्हणाले. "चर्चनंच ना? मंग चर्च शिकवते ते मानाचं."

"चर्चनं ओळखलं फक्त. वचन आधी, चर्च मंग. चर्च चुकू शकते, वचन नाई."

मला दोघांचंही पटत होतं, हीच पंचाईत. मी कागद घडी करून ठेवला.

दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की अँथनीभाऊ दुकानात यायचे. कोऱ्या ग्रॅनाईटवरून हात फिरवायचे.

"केली का त्यानं सही?"

"नाही."

"कोरून टाका ना, भाऊ. मले एकदा वाचाचं आहे."

"सही येऊ द्या," मी म्हणायचो. नियम म्हणजे नियम!

एका रविवारी ते आले नाहीत. बुधवारी त्यांना बाईंच्या शेजारी पुरलं. मातीला मीही गेलो. कोणाला तोंड दाखवायची लाज वाटत होती.

आठवड्यानं सॅम्युएलभाऊ आले. प्रूफ मागितलं, सही केली.

"ते पुस्तक मी अजूनही मानत नाई," ते म्हणाले. "पन बहिनीनं मांगलं होतं, हे तं मानतो. खाली भाऊजीचंही नाव टाका."

मी वचन कोरलं, दोन नावं कोरली. इतकं नीट काम मी आयुष्यात केलं नसेल. पण ज्याला वाचायचं होतं, तो त्याच दगडाखाली होता.

आता मी एकच सही घेतो. दगडापाशी जो रोज येऊन बसणार असेल, त्याची.