वेण्या आणि हेल्मेट

मुलगी आठवीत गेली तेव्हा तिला सायकल मिळाली. शाळा शेजारच्या गावात, आणि मधल्या रस्त्यावर डोणगावच्या बाजाराला जाणारे ट्रॅक्टर, गिट्टीचे टिप्पर. माझा भाऊ पुण्याला कंपनीत आहे. त्याने भाचीसाठी सायकलचं हेल्मेट आणलं. "बाई, हात मोडला त जुळते. डोकं नाही जुळत," एवढंच म्हणाला. मला ते पटलं. हेल्मेटशिवाय सायकल नाही, असं मी सांगून टाकलं. एरवी मी घरात काही ठरवून सांगत नाही.

सासूबाई हसल्या. "काऊन वं, पोरगी शायेत चालली का लढाईले?" रस्त्यात मैत्रिणी ओरडायच्या, "खरबूज आलं वं, खरबूज!" तरी ती रोज घालायची.

तिसऱ्या आठवड्यात सायकलपुढे बकरी आली आणि ती गिट्टीवर पडली. हेल्मेट मागच्या मागे निघून सोयाबीनच्या वावरात गेलं. कपाळाला तीन टाके पडले.

"एवढं डबडं घातलं तरी फुटलंच न डोकं?" हे म्हणाले. "आता सायकल बंद. टाके निघाले की शायेचंही पाहू."

 दुपारी मी हेल्मेट घेऊन बसले आणि स्वतःच्याच डोक्यात घालून पाहिलं. अंबाड्यावर ते डुगडुगत राहिलं. केस सोडले तर थेट भुवयांपर्यंत खाली आलं. तेव्हा कळलं, चूक माझीच. शाळेच्या नियमाने मी तिच्या वेण्या दुमडून लाल रिबिनीने वर बांधायची आणि त्यावर हेल्मेट ठेवायची, चुंबळीवर टोपलं ठेवावं तसं. आमच्याकडे डोक्यावर काही ठेवायचं तर असंच ठेवतात.

टाके निघाल्यावर मी यांच्याकडून सायकलसाठी चारच दिवस मागून घेतले. वेण्या मोकळ्या खाली सोडल्या, हेल्मेट खाली ओढून पट्टा आवळला. पहिल्याच दिवशी मुलगी रडत आली. वेण्या वर नाहीत म्हणून मॅडमनी तिला वर्गाबाहेर उभं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पदर घेऊन तिच्यासोबत शाळेत गेले. मॅडम म्हणाल्या, "बोला ताई."  बोलण्याऐवजी मी तिथेच मुलीच्या वेण्या वर बांधल्या, हेल्मेट घातलं आणि एका बोटाने ढकललं. ते मागे कलंडलं. रिबिनी सोडल्या, वेण्या खाली केल्या, पुन्हा घातलं. "आता तुम्ही ढकला," मी म्हणाले. माझं एवढंच बोलणं झालं.

मॅडमनी बोटाने ढकललं, मग हाताने. मग मुलीच्या कपाळावरच्या टाक्यांच्या खुणा पाहिल्या. "सायकलवाल्या मुलींच्या वेण्या खाली चालतील," त्यांनी शेजारच्या शिक्षिकेला सांगितलं. मग मला विचारलं, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही," मी म्हणाले.

पाचव्या दिवशी सकाळी हे अंगणात उभे होते. मुलीने मान पुढे केली. यांनी हेल्मेट दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवलं. मुलगीच हलली, हेल्मेट नाही.

"हाव, बसलं," म्हणाले, आणि सायकल स्वतः रस्त्यापर्यंत काढून दिली.

ती वळणाआड जाईपर्यंत मी पाहत होते. सासूबाईंनी आतून चहासाठी हाक मारली, तरी मी लगेच वळले नाही. त्या सकाळी मला माझा फार अभिमान वाटला. तो कोणाजवळ बोलून दाखवला नाही, म्हणून इथे लिहिते.