भिंतीपलीकडची हवा

"आतली हवा न्हाई काढली तर इंजन तापंल. मंग माझ्या नावानं बोंबलू नका." बोनेट उघडताना मिस्त्री प्रत्येक गिऱ्हाइकाला हे बजावायचे. माझ्या गाडीचा रेडिएटर गळका, त्यामुळे मी ते सगळ्यात जास्त वेळा ऐकलं.

तेव्हा मी घोडेगावात जनावरांचा डॉक्टर होतो. बाकीचे गॅरेजवाले कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, वरून ओततात आणि झाकण लावून मोकळे होतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. मिस्त्रींना ते पटायचं नाही. त्यांनी हौसेने व्हॅक्यूमचं यंत्र आणलं होतं. ते रेडिएटरच्या तोंडावर बसवायचं आणि त्यात कॉम्प्रेसरची हवा सोडायची, की त्या झोताबरोबर ते किंचाळत रेडिएटरमधली हवा बाहेर ओढून काढतं. रबरी पाइप गाल बसल्यासारखे चपटे होतात. मग कॉक बंद करून यंत्रावरचा काटा बघायचा. काटा जागचा हलला नाही म्हणजे गळती नाही. त्यानंतर कूलंटच्या कॅनमध्ये नळी बुडवली की गाडी आपली आपण पिते.

अडचण एवढीच, की कॉम्प्रेसर धाकट्या भावाचा होता. त्याचं पंक्चरचं दुकान भिंतीला भिंत लागून. हवेचा पाइप भिंतीतल्या भोकातून इकडे आलेला. आणि दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते.

भांडण म्हशीवरून. मिस्त्रींनी बाजारात म्हैस पसंत केली. धाकटा म्हणाला, "दादा, ही लाथा मारती." मिस्त्री म्हणाले, "गरीब हाय बिचारी." पहिल्याच दिवशी धार काढताना त्या गरीब बिचारीने मिस्त्रींना बादलीसकट उडवलं, आणि धाकटा हसला. बस, तेवढंच. म्हैस पुढे म्हातारी होऊन मेली, अबोला मात्र धडधाकट राहिला.

आता पुढची तऱ्हा बघा. मिस्त्री मला म्हणायचे, "डॉक्टर, त्याला सांगा, हवा सोड." भोकातून हे पलीकडे स्वच्छ ऐकू जायचं. पण धाकटा ढिम्म. मी रस्त्यावर उतरून, वळसा घालून, त्याच्यासमोर उभं राहून निरोप दिला की मगच त्याचा हात बटणाकडे जायचा. "त्यांना सांगा, सोडली." पुन्हा वळसा. हवा बंद करायलाही तीच वरात.

एकदा मी वैतागून म्हणालो, "अहो, त्याने ऐकलंय!"

"ऐकलं आसंल," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "पन मी त्याला कुठं सांगितलंय?"

एके दिवशी माझीच गाडी लावलेली, काटा चढत होता, आणि मिस्त्री छाती धरून खाली बसले. मला वाटलं, आता तरी भावाला हाक मारतील. त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं. "त्याला सांगा... माझं काय खरं न्हाई." मी उठणार तोच यंत्र एकाएकी गप्प झालं आणि धाकटा धावत आला. निरोप पोचायच्या आधी.

माझ्या गाडीत कूलंटचा थेंब नव्हता, म्हणून टायरला हवा भरायला आलेल्या टेम्पोतून त्यांना नगरला नेलं. दोघांच्या मध्ये मी.

"त्यांना इचारा, लई दुखतंय का."

"त्याला सांगा, दुखतंय."

दवाखान्यात नर्सबाईंनी दारातच अडवलं. एकच नातेवाईक आत. धाकटा माझ्याकडे बघायला लागला. "डॉक्टर, तुमीच जा."

"अरे, मी नातेवाईक आहे का?"

"मंग बोलनार कोन?"

मी त्याला अक्षरशः आत ढकललं. खरं सांगतो, मला धडकी भरली होती. हे दोघे असेच गप्प बसतील आणि मिस्त्री तसेच निघून जातील, असं वाटत होतं. काचेतून दिसलं, धाकटा स्टुलावर फरशीकडे बघत बसलाय. मग मिस्त्रींनी बोट उगारलं आणि त्यांचे ओठ हलायला लागले.

तो बाहेर आला तेव्हा डोळे लाल झाले होते.

"काय म्हणाले?"

"शिव्या दिल्या. म्हशीपास्नं साचलेल्या सगळ्या दिल्या. आईवरनं मातर एकबी न्हाई. आई एकच हाय ना." आणि बाकावर बसून तो हसता हसता हमसून रडायला लागला.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी गेले. दहाव्याला जमलेली माणसं त्यांचे गुण सांगत होती, आणि धाकटा एकेकाला बाजूला घेऊन त्या शिव्या ऐकवत होता, एकही न गाळता.